घरच्या वाफ्यातलं बीट एकदम तयार झालंय, टिकवायचं कसं आणि करायचं काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं घर निफाड तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात. द्राक्षाच्या बागेला लागूनच घरच्यापुरता भाजीपाला असतो. मेथी, कोथिंबीर, वांगी, थोडा लसूण. यंदा आईची इच्छा म्हणून दिवाळी झाल्यावर दोन वाफे बीट लावलं. बी दुकानातलं साधंच, डेट्रॉईट डार्क रेड. आता जानेवारी संपत आला आणि बरंचसं एकदमच भरलंय. काही मुठीपेक्षा मोठं झालंय, काही अजून लिंबाएवढंच आहे.

अडचण अशी की उपटून टोपलीत ठेवलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं, सालीवर सुरकुत्या येतात. वाळूत पुरलं तर पाच महिने टिकतं असं एका व्हिडिओत बघितलं. आपल्याकडे ते जमतं का? घरात फ्रीज एकच, तो दुधा-दह्यानेच भरलेला असतो, आणि लाइटचा काही भरवसा नाही.

दुसरं खाण्याचं. आमच्याकडे बीट म्हणजे कोशिंबीर, नाहीतर जेवताना चार चकत्या. मुलं मातीचा वास येतो म्हणून ताट सरकवतात. फोडी करून उकडलं की निम्मा रंग पाण्यात जातो. पानं आम्ही गुरांना टाकतो, ती माणसं खातात का? आणि कापल्यावर काहींच्या आत पांढरट रिंगणं दिसतात, हा रोग आहे की कसं? वडिलांना मागे मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय, त्यांना बीट द्यावं का हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

वाईकरीण

गोदाकाठ, सगळ्यात आधी एक करा. सगळं एकदम उपटू नका. बीट टिकवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ते जिथे उभं आहे तीच. तुमच्या निफाडला तर महाराष्ट्रातली कडक थंडी पडते, दरवर्षी पेपरात पारा उतरल्याची बातमी तुमच्याच गावची. अशा थंडीत तयार झालेलं बीट वाफ्यात दोन-तीन आठवडे काही बोलत नाही. पाणी तोडायचं नाही, फक्त हलकं करायचं. गड्ड्याचा खांदा उघडा पडला असेल तर त्यावर माती ओढून घ्या, नाहीतर तो भाग खरबरीत आणि कडक होतो. मोठी आधी काढा, म्हणजे लिंबाएवढ्यांना जागा मिळेल आणि तीही भरतील. मात्र फेब्रुवारी निम्मा सरला आणि दुपार तापायला लागली की मग मोह धरू नका. उन्हात राहिलेलं बीट आतून दोऱ्यादोऱ्याचं होतं, कितीही शिजवा, दाताखाली चोथा येतोच.

तुमचं टोपलीतलं बीट मऊ पडतं ते पानांमुळे. पानं जिवंत असतात, ती गड्ड्यातलं पाणी ओढत राहतात. काढल्या काढल्या पानं वेगळी करायची. सुरीने नाही, हाताने पिळून. खाली दोन बोटं देठ ठेवायचे. खालची शेपटी तोडायची नाही. आणि धुवायचं नाही, माती नुसती हाताने झटकायची. खुरपं लागून जखम झालेलं असेल ते त्याच दिवशी शिजवा, ते साठवणीत टाकलं तर शेजारच्यालाही नासवतं.

आता वाळूचं. पाच महिने ही थंड देशातली गोष्ट आहे. तिथे अख्खा हिवाळा बाहेरची खोली शून्य ते चार अंशांवर असते आणि हवा दमट. आपल्याकडे रात्री कितीही थंडी असली तरी दुपारी खोली तापते. तरी वाळूचा उपयोग आहेच. उत्तरेकडची, ऊन न येणारी खोली बघा. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये गोणपाट घाला, ओलसर वाळूचा थर, त्यावर एकमेकाला न टेकणारी बीटं, परत वाळू. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, इतपतच ओल. कोरडी वाळू उलट बिटातलंच पाणी ओढते आणि फार ओली असली तर बुरशी. असं ठेवलं तर थंडीत दोन-तीन आठवडे बीट टणक राहतं, माझ्याकडे दर वर्षी राहतं. त्यापुढे वाळूवर विसंबू नका.

फ्रीजमध्ये थोडी जागा काढता आली तर भाजीच्या खालच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या पिशवीत, सोबत एक कोरडा सुती पंचा. महिनाभर तरी काही होत नाही.

शिजवण्याबद्दल. फोडी करून उकडू नका हो! रंग, गोडी, सगळं त्या पाण्यात जातं आणि ते पाणी मोरीत. बीट अख्खं, सालीसकट, देठ आणि शेपटीसकट शिजवायचं. साल हेच त्याचं झाकण. हलक्या हाताने धुवा, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवा, पाणी फक्त कुकरच्या तळाला. मुठीएवढ्याला तीन-चार शिट्ट्या आणि वर मंद आचेवर सात-आठ मिनिटं. सुरीचं टोक सहज आत गेलं पाहिजे. मग कोमट असतानाच नळाखाली धरा आणि अंगठ्याने साल पुढे ढकला. सोलाणं लागत नाही, साल एका बाजूने सुटते आणि अख्खी घसरून हातात येते, खाली गुळगुळीत, चमकणारा गड्डा. पूर्ण गार झालं की तीच साल चिकटून बसते, म्हणून कोमट असतानाच. हाताला रंग लागला तर लिंबाची फोड चोळा.

मातीचा वास बराचसा सालीत असतो, आणि आंबट लागलं की तो मरतो. म्हणून कोशिंबिरीत दह्याच्या आधी लिंबू. किसलेल्या बिटावर लिंबू आणि मीठ घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, तुपात जिरं-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी, आणि दही अगदी पानं वाढताना. मुलं खातात की नाही बघा. नाहीच खाल्ली तर थालिपिठाच्या भाजणीत किसलेलं बीट, कांदा, तीळ, ओवा आणि दोन चमचे दही. लोण्याबरोबर द्या, वासाचं नावही निघणार नाही.

पानं गुरांना टाकता हे वाचून मात्र जीव कळवळला. बीट हे पालक-चाकवताच्याच कुळातलं, पानं तर मला गड्ड्यापेक्षा जास्त आवडतात. देठ बारीक चिरून आधी घाला, त्यांना वेळ लागतो. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, सुकी मिरची, मग देठ, भिजवलेली मूगडाळ, पाण्याचा हबका, झाकण. डाळ बोटचेपी झाली की चिरलेली पानं आणि मीठ, पाच मिनिटांत होते. किंवा डाळीऐवजी बेसन पेरून. गरम भाकरी आणि ही भाजी असली की दुसरं काही लागत नाही. पानं मात्र दोन दिवसांत वापरा, ती टिकत नाहीत. आणि गुरांनाही एकदम ढीग टाकू नका, शेण पातळ होतं.

गच्चीवरची_बाग

काकूंच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे कुंड्यांतलं बीट असतं, म्हणजे एका वेळी सात-आठच. ओव्हन असेल तर अख्खं बीट फॉइलमध्ये गुंडाळून दोनशे अंशांवर पाऊण ते एक तास भाजून बघा. पाण्याचा संबंधच नाही, त्यामुळे गोडी नुसती एकवटते. तुमच्याकडे मळा आहे म्हणजे चूलही असेलच. निखाऱ्याच्या कडेच्या राखेत वांग्यासारखं पुरून ठेवलं तरी होतं, फक्त वेळ जास्त लागतो. साल काढून, कुस्करून, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, वरून कच्चं तेल.

आणि एक सांगून ठेवते. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांची लघवी किंवा शी लालसर दिसली तर घाबरून दवाखाना गाठू नका. काहींना होतं, बिटाचाच रंग असतो तो.

काळी_माती

कृषी पदवीधर आहे, भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत काम करतो. रिंगणांबद्दल सांगतो.

रोग नाही. बिटाचा गड्डा एकाबाहेर एक अशा वलयांनीच वाढतो. थंडी सलग मिळाली तर सगळी वलयं गडद होतात आणि फरक दिसत नाही. मध्येच हवा गरम झाली किंवा ढगाळ उबदार दिवस आले की रंग कमी भरतो आणि फिकी रिंगणं उठून दिसतात. चवीत थोडं उणं, खायला काही धोका नाही. (इटलीची चिओज्जा नावाची एक जात तर लाल-पांढऱ्या रिंगणांसाठीच लावतात.) पण आत काळे, बुचासारखे कोरडे डाग दिसले तर ते वेगळं, ती बोरॉनची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त येतं. तसं दिसलं तर पुढच्या हंगामाआधी माती तपासून घ्या. अंदाजाने बोरॅक्स टाकू नका, बोरॉन गरजेपेक्षा थोडं जरी जास्त झालं तरी पीक जळतं.

काही मोठी, काही लिंबाएवढी का? तुम्ही विरळणी केली नसावी असं वाटतं. बिटाचं जे ‘बी’ आपण पेरतो तो खरं म्हणजे फळांचा झुपका असतो, एकातून दोन-तीन-चार रोपं येतात. दोन बिया लांब टाकल्या तरी रोपं गुच्छानेच उगवतात आणि एकमेकांना दाबतात. बोटभर उंच झाली की एका जागी एकच ठेवायचं, दोन रोपांत चार बोटं अंतर. काढलेली कोवळी रोपं पालेभाजीत जातात.

सगळं एकदम येण्यावर उपाय लागवडीतच आहे. दोन वाफे एका दिवशी पेरण्याऐवजी अर्धा वाफा ऑक्टोबरच्या मध्याला, मग दर पंधरा-वीस दिवसांनी पुढचा, डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. बीट साधारण साठ-सत्तर दिवसांत काढणीला येतं. असं केलं की डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ताजं मिळत राहतं आणि साठवणीचा प्रश्न निम्मा होतो.

रंगाबद्दल एक. बिटाचा रंग आंबटात टिकतो आणि सोड्यात पिवळट पडतो. बीट घातलेल्या कुठल्याही पिठात, मग ती इडली असो की केक, सोडा घातला की रंग गेलाच म्हणून समजा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. विरळणी केली नव्हती, बरोबर ओळखलंत. काल काकूंच्या पद्धतीने कुकरला लावलं. साल खरंच तशीच सुटली, आणि कुकरच्या तळाचं पाणी जेमतेम गुलाबी झालं होतं. थालिपीठ मुलांनी खाल्लं. पानांची भाजी तर आईने दोनदा वाढून घेतली.

अजून दोन गोष्टी. एक, वडिलांचं राहिलं. दोन, आई म्हणते उकडून, बरणीत भरून, घट्ट झाकण लावून ठेवलं तर वर्षभर राहील, टोमॅटोच्या सॉससारखं. करू का?

वाईकरीण

आईंना सांगा, तसं अजिबात करू नका. हे मी हात जोडून सांगते. टोमॅटो आंबट असतो, बीट आंबट नाही. नुसतं उकडलेलं, आंबट न घातलेलं बीट हवाबंद बरणीत ठेवलं की त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचं जीवघेणं विष तयार होऊ शकतं. हे जंतू मातीत असतात आणि बीट वाढतंच मातीत. त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यांना हवा नसलेली जागाच मानवते. विष झालं तरी वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. म्हणून बरणीत घालायचं तर व्हिनेगरमध्येच.

मी असं करते. शिजवून सोललेल्या बिटाच्या चकत्या. बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं व्हिनेगर दोन वाट्या, त्यात पाणी एकच वाटी, साखर एक वाटी, मीठ पाऊण चमचा, दालचिनीचा तुकडा आणि चार लवंगा. उकळी आणायची. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत चकत्या भरायच्या आणि वरून हे गरमागरम ओतायचं, चकत्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. पाण्याचं प्रमाण वाढवायचं नाही, आंबट फार लागतं वाटलं तर साखर वाढवा. गार झालं की फ्रीजमध्ये. एक बरणी दुधाच्या पातेल्याशेजारी मावेल. आठवड्याने चव मुरते, महिना-दोन महिने खाता येतं. स्टीलच्या चमच्याने काढा, ओला चमचा नको. लाल झालेलं आंबट-गोड पाणी फेकू नका, कांद्याच्या चकत्या त्यात घाला.

फ्रीझर म्हणाल तर शिजवलेल्या फोडी ताटात पसरून गोठवायच्या आणि मग पिशवीत भरायच्या. कच्चं गोठवलं तर सुटल्यावर लिबलिबीत होतं. लाइट सलग असेल तर सहा-आठ महिने राहतं. पण तुमच्याकडे लाइट जाते म्हणता, तर मी त्या भरवशावर ठेवणार नाही. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नसतं.

तुमच्याकडे खरा फायदा आहे तो कोरड्या हवेचा. फेब्रुवारीत नाशिककडची हवा वाळवणाला अगदी योग्य. कोकणातल्या माझ्या नणंदेला हे जमत नाही, तिच्याकडे दमटपणाने बुरशी येते. कच्चं बीट सोलून पातळ चकत्या करा किंवा जाड किसा, वाफेवर दोन-तीन मिनिटं धरा, सुती कापडावर एकेरी पसरा. थेट उन्हात नाही, उन्हाने रंग उडतो. पत्र्याच्या शेडखाली, वरून पातळ ओढणी, जिथे वारा खेळेल तिथे. रात्री घरात. चकती वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकत असेल तर अजून वाळवायची. मग मिक्सरमधून पूड आणि काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. डब्याला ओल लागली की गठ्ठा होतो. चांगलं पाच किलो बीट वाळून अर्ध्या-पाऊण किलोवर येतं, त्यामुळे जागेचाही प्रश्न नाही. पुऱ्या, धिरडी, शेवया, पराठे, कशातही घाला. पीठ भिजवताना चमचाभर दही किंवा लिंबू घातलं की रंग राहतो. तळणात थोडा उतरतो, तेवढं चालवून घ्यायचं.

वडिलांचं मी डॉक्टरांवर सोपवते. मुतखडे अनेक प्रकारचे असतात. त्यांचा ऑक्झलेटचा असेल तर बीट आणि त्याहून जास्त त्याची पानं, दोन्हीत ऑक्झलेट भरपूर असतं. जुना रिपोर्ट दाखवून विचारा आणि तोवर त्यांना पानांची भाजी वाढू नका, कितीही आवडली तरी.

यमुनापार

दिल्लीत राहणारी मराठी गृहिणी. इकडे होळीच्या आधी घरोघरी कांजी घालतात, म्हणजे आंबवलेलं तिखट-आंबट पेय, काळ्या गाजराचं. काळं गाजर नसलं की लाल गाजर आणि रंगाला बीट. शेजारच्या पंजाबी आंटींकडून शिकले आणि आता आमच्या घरी पाहुण्यांना हीच देते.

दोन लिटर पाणी उकळून पूर्ण गार करायचं. पाव किलो बीट आणि पाव किलो गाजर सोलून बोटाएवढे लांब तुकडे. राई भरडून तीन टेबलस्पून (पिवळी मोहरी चांगली), मीठ दोन टेबलस्पून, लाल तिखट दोन चमचे, हिंग. सगळं काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला मलमल बांधून उन्हात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायचं. थंडीत चार-पाच दिवस लागतात, तुमच्याकडे कदाचित तीनच. चव घेतली की कळतं: आधी नुसतं खारट-तिखट लागतं, मग एके दिवशी नाकात चढणारा आंबटपणा येतो. तो आला की फ्रीजमध्ये, आणि आठवड्याभरात संपवा. वर पांढरी केसाळ बुरशी दिसली तर सगळं टाकून द्यायचं, वरवरचं काढून प्यायचं नाही. आतले तुकडे वरण-भाताबरोबर लोणच्यासारखे छान लागतात.

गोदाकाठ

काकू, बरणीचं आईला वाचून दाखवलं. पटलं तिला. शेडखाली वाळवणाची जागा आजच झाडून घेतली, एक बरणी व्हिनेगरची घालतो आणि यमुनापार ताईंची कांजी लहान प्रमाणात करून बघतो. वडिलांचा रिपोर्ट शोधला, सोमवारी नाशिकला डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारतो.

आईचा आता शेवटचा प्रश्न. चार चांगले गड्डे वाफ्यात तसेच ठेवले तर बी धरता येईल का? मेथी-कोथिंबिरीचं ती घरचंच धरते.

काळी_माती

निफाडला नाही जमणार. बीट पहिल्या वर्षी गड्डा करतं आणि दुसऱ्या वर्षी तुरा. तुरा यायला मध्ये दीर्घ, सलग कडक थंडी लागते, आपल्याकडची काही रात्रींची थंडी पुरत नाही. म्हणून बिटाचं बी आपल्या देशात हिमाचल-काश्मीरसारख्या डोंगराळ भागात तयार करतात. वाफ्यात ठेवलेले गड्डे मार्च-एप्रिलच्या उन्हात नुसते लाकडासारखे होतील. ते चार गड्डेही काढा आणि वाळवणात घाला. बी सप्टेंबरच्या शेवटी नवीन पाकिटातलं घ्या, तारीख बघून, आणि पेरायच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घाला.